अभ्यासवर्गातून तत्त्वज्ञान वगळू नका: कामगार संघटनांच्या शिक्षण समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील कामगार संघटनांच्या शिक्षण व अभ्यासवर्ग समित्यांचे सर्व सभासद

साथींनो,

सप्रेम जयभीम आणि लाल सलाम.

आपल्या शिबिरांच्या कार्यक्रमपत्रिका मी गेली बरीच वर्षे वाचत आलो आहे. त्यांत झालेला एक बदल हे या पत्राचे निमित्त आहे. पूर्वी दोन दिवसांच्या निवासी शिबिरात निदान एक सत्र मूल्य आणि वरकड मूल्य (कामगाराने मजुरीपलीकडे निर्माण केलेले, मालकाकडे जाणारे मूल्य) यांवर, एखादे जात व वर्ग यांच्या नात्यावर आणि कधी कधी बुद्ध व मार्क्स यांच्यातील भेदावरही ठेवलेले असे. आता त्या जागी भविष्यनिर्वाह निधीचे खाते कसे तपासावे, ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) दवाखान्यात कोणती कागदपत्रे लागतात, माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहावा आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांत काय आहे, ही सत्रे आली आहेत. ही सत्रे हवीतच. ज्याच्या निधीचे पैसे ठेकेदाराने भरलेच नाहीत त्याला आधी ते कळले पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. माझी हरकत आहे ती तत्त्वज्ञानाचे सत्र काढून टाकताना आपण देत असलेल्या कारणांना. विषय अवघड आहे आणि कामगारांना तो झेपत नाही, हे पहिले कारण. झेपला तरी संघटना बांधण्याच्या कामी त्याचा उपयोग नाही, हे दुसरे. दुसरे कारण खरे ठरले तर पहिल्याचा विचार करण्याची गरजच उरत नाही, म्हणून दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

कोणत्याही संघटनेचे मागणीपत्रक उघडून पाहा. त्यात आकडे असतात, कलमे असतात, मुदती असतात. पण त्या सगळ्याच्या आधी काही प्रश्नांची उत्तरे गृहीत धरलेली असतात. कामगार कोणाला म्हणायचे, मजुरी ही नेमकी कशाची किंमत आहे, आणि 'आपण' म्हणताना त्यात कोण कोण येते? हे प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, कारण त्यांची उत्तरे सर्वांना ठाऊक आहेत असे सर्वांनाच वाटत असते. ही उत्तरे चुकली तर मागणीपत्रकातला एकही आकडा संघटनेला वाचवू शकत नाही. ती तपासण्याचे काम नुसत्या अनुभवाने होत नाही, त्यासाठी अवघड विचार करावा लागतो, आणि तो सभासदांनी स्वतः करावा लागतो, असे माझे म्हणणे आहे.

मुंबईच्या गिरण्यांतील १९२८ चा सार्वत्रिक संप आपण सगळेच शिबिरांत अभिमानाने सांगतो. सुमारे दीड लाख कामगार, एप्रिल ते ऑक्टोबर असे जवळजवळ सहा महिने, आणि त्या संपातूनच उभी राहिलेली लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन. त्या संपाच्या पुढाऱ्यांना मार्क्स आणि लेनिन वाचून ठाऊक होते. तरीही गिरणीच्या विणखात्यात, ज्याला गिरणगावात साचाखाते म्हणत आणि जिथे तुलनेने चांगली मजुरी मिळे, तिथे अस्पृश्य कामगाराला उभे राहू दिले जात नसे. धोट्यातली (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातली) कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकर हातात घेत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यावी असा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी तो नाखुशीनेच मान्य केला. मागणी मालकांपुढे गेली तेव्हा, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही तर जबाबदार नाही, असे म्हणून मालक मोकळे झाले.

मालकांचे ते उत्तर लबाडीचे होते, पण पूर्ण खोटे नव्हते, आणि विचार करायला लावणारी गोष्ट इथेच आहे. साचाखात्याच्या दारावर मालकाने पाटी लावलेली नव्हती. तो नियम कामगारांनीच कामगारांसाठी पाळला होता आणि त्याचा फायदा मालकाला आयता मिळत होता. अशा नियमाविरुद्ध संप कोणी कोणाविरुद्ध करायचा?

यावर आपला आक्षेप मला आधीच ऐकू येतो. वाचलेले पुढारीच जर साचाखात्यापाशी आंधळे झाले, तर वाचनाचा उपयोग काय? आक्षेप वजनदार आहे. पण त्या पुढाऱ्यांचे काय चुकले ते नीट पाहिले पाहिजे. उत्पादनसंबंध हा पाया, जात हा त्यावरचा इमला, आणि पाया बदलला की इमला आपोआप कोसळेल, ही मांडणी त्यांनी तयार उत्तर म्हणून उचलली होती. प्रश्न म्हणून ती त्यांनी हाताळलीच नाही. त्यांच्याकडे तत्त्वज्ञान होते, पण त्याचा अवघड भाग त्यांनी गाळला होता. आणि ही चूक अनुभवाने दुरुस्त झाली असती का? मला तसे वाटत नाही. साचाखात्यातल्या विणकराचा रोजचा अनुभव त्याला हेच सांगत होता की धोटा बाटतो. विटाळ त्याच्यासाठी पुस्तकातली कल्पना नव्हती, ती त्याच्या अंगाला जाणवणारी गोष्ट होती. अनुभवावर सोडले असते तर तो नियम गिरण्या बंद पडेपर्यंत चालला असता.

तो नियम नीट दिसायला एक भेद करावा लागला, आणि तो १९३६ साली बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण तिथे होऊ न शकलेल्या भाषणात केला: जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी आहे. हे वाक्य आता इतके परिचयाचे झाले आहे की त्यातली मेहनत दिसेनाशी झाली आहे. गिरणीत उभे राहून पाहणाऱ्याला त्रासनखाते (सूतकताईचे खाते) दिसते, साचाखाते दिसते, म्हणजे श्रमाची विभागणी दिसते. त्याच भिंतींच्या आत दुसरी एक विभागणी काम करते आहे, ती पहिलीच्या आधारे उभी आहे पण पहिलीतून निघालेली नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. ते विचाराने वेगळे काढावे लागते. यालाच मी अवघड तत्त्वज्ञान म्हणतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मुंबईत एक दिवसाचा संप एकत्र केला. विचार बदलला म्हणून संप एकत्र झाला, इतका सरळ कार्यकारणभाव मी सांगत नाही. त्या विधेयकानेच दोघांना एका बाजूला ढकलले होते. पण आपले नाव, आपला पक्ष आणि आपला दुसरा शत्रू न विसरता बाबासाहेबांना त्या संपात उतरता आले, ते हा भेद हाताशी होता म्हणून.

आता आपल्याच मंडपात घडणारी एक गोष्ट सांगतो. शिबिराची सुरुवात बहुतेक ठिकाणी 'विद्येविना मती गेली' या जोतीराव फुल्यांच्या ओळींनी होते. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाच्या आरंभीच्या त्या ओळी सर्वांना पाठ आहेत. त्यांतला क्रम पाहा. विद्या, तिच्यामागून मती, मग नीती, मग गती, आणि वित्त शेवटी. शूद्र खचले ते वित्त गेल्यामुळे, आणि वित्त गेले ते विद्या गेल्यामुळे. त्यानंतरचा वक्ता त्याच माइकवरून सांगतो की उत्पादनाची साधने ज्याच्या ताब्यात, त्याच्याच नीतीला नीती म्हणतात आणि त्याच्याच विद्येला विद्या. म्हणजे साखळीचे पहिले टोक वित्त आहे. दोघांनाही टाळ्या पडतात. दोन्ही विधाने एकाच अर्थाने खरी असू शकत नाहीत. वेगवेगळ्या अर्थांनी खरी असतील तर ते अर्थ कोणी तरी बसून सांगितले पाहिजेत. कामगारांना ते अवघड जाईल म्हणून आपण ही विसंगती झाकून ठेवतो. मला तर वाटते की संधी दिली तर चौथ्या रांगेतली एखादी बाई ती पहिल्यांदा काढील. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक होते आणि १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित करीत होते. त्यांच्या प्रयत्नाने १८९० साली मिळालेली रविवारची सुट्टी ही वित्ताची मागणी होती की विद्येची, एवढा एकच प्रश्न एका सत्राला पुरेल.

या वादाला आयुष्य देणारा एक संघटक आपल्याच राज्यात होऊन गेला, आणि त्याच्याकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील १९७८ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. त्यांचे काम पश्चिम खानदेशातल्या आदिवासींमध्ये होते, वनजमिनींसाठी होते. आणि हा माणूस पाणिनीचे व्याकरण शिकला, दिग्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडितांचे प्रमाणशास्त्र (खरे ज्ञान कशाला म्हणायचे याचे शास्त्र) वाचत बसला. आदिवासी जमिनीसाठी लढतो आहे आणि पुढारी बौद्ध तर्कशास्त्र वाचतो आहे, यावर हसणारे तेव्हाही होते. पण त्यांचा प्रश्न साचाखात्याचाच होता. लाल बावटा खांद्यावर घेणारा माणूस जाणिवेने बदललेला असतो आणि तरी त्याचा हात धोट्यापाशी अडतो. मग जात नेमकी कुठे बसलेली आहे? पाटलांनी तिचे ठिकाण नेणिवेत, म्हणजे मनाच्या नकळत चालणाऱ्या भागात, शोधले आणि जाणीव व नेणीव या दोहोंचा हिशेब ठेवणारे तर्कशास्त्र त्यांना सौत्रान्तिक या बौद्ध पंथाकडे सापडले असे वाटले. त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत. प्राचीन इतिहासाबद्दल ते कधी कधी पुराव्यापेक्षा पुढे जातात, असे माझे मत आहे. परंतु संघटनेतच उद्भवलेला प्रश्न सोडवण्यासाठी दीड हजार वर्षांमागचा ग्रंथ उघडायला ते कचरले नाहीत, ही गोष्ट आपल्या समित्यांनी शिकण्यासारखी आहे.

हे झाले इतिहासाचे. आजच्या कामाशी याचा संबंध काय, असे आपण विचाराल. एका शहरातल्या कंत्राटी सफाई कामगारांच्या वर्गात घडलेले सांगतो. काम सुटल्यावर, हजेरी चौकीच्या मागच्या पत्र्याखाली, पंधरा-वीस जणी आणि काही पुरुष बसले होते. त्या दिवशी मार्क्सच्या 'भांडवल' ग्रंथाच्या तिसऱ्या खंडातले एक वाक्य वाचायला घेतले होते. वस्तूंचे बाहेरचे रूप आणि त्यांचे सार जर थेट जुळत असते, तर शास्त्राची गरजच पडली नसती, असा त्याचा आशय. वाक्य दोनदा वाचून झाले. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग गळ्यातले ओळखपत्र पुढे करून एक बाई म्हणाल्या, "म्हणजे हे." ओळखपत्रावर ठेकेदाराचे नाव होते. त्यानंतर अर्धा तास मला काही बोलावे लागले नाही. हजेरी कोण घेतो? मुकादम, आणि तो पालिकेच्या कायम नोकरीतला. गल्ली कोण ठरवून देतो? निरीक्षक. झाडू कुठून येतो? पालिकेच्याच गोदामातून. रजा कोणाकडे मागायची, उशीर झाला तर ओरडतो कोण, पावसाळ्यात नाल्यावर पाठवतो कोण? ठेकेदाराला त्यांतल्या दोघींनी कधी पाहिलेच नव्हते.

कंत्राट हे 'दिखाऊ आणि बनावट' आहे की खरे, हा प्रश्न न्यायालयात नेमका याच कसोट्यांवर लढवला जातो. २००१ साली स्टील अथॉरिटी या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटी कामगार आपोआप कायम होण्याचा मार्ग बंद केला, पण कंत्राट हा केवळ मुखवटा असल्याचे सिद्ध झाले तर ते कामगार मूळ मालकाचेच ठरतील, हे दार उघडे ठेवले. म्हणजे रूप आणि सार यांतला भेद हा त्या बायकांच्या पगाराचा भेद आहे. वकील तो न्यायालयात मांडतो, हे खरे. पण पुरावा वकिलाकडे नसतो. मुकादमाच्या सहीचे मस्टर, निरीक्षकाचा व्हॉट्सॲपवरचा आदेश, गोदामातून झाडू घेतल्याची नोंद, हे सगळे वर्षानुवर्षे कामगारांच्याच हातून जात असते. यातले काय जपून ठेवायचे हे ज्याला का जपायचे ते समजले आहे तोच जाणतो. कायद्याच्या सत्रात त्याच बायकांना कागदांची यादी दिलेली होती, पण यादी हरवते. त्या दिवसानंतर यादीत नसलेल्या गोष्टींचेही फोटो येऊ लागले.

दुसरे उदाहरण मजुरीचे. किमान वेतन वाढवले की महागाई वाढते आणि वाढ कामगाराच्या हातून निघून जाते, हे वाक्य आपण मालकाच्या तोंडून ऐकतो, टीव्हीवर ऐकतो आणि खरे सांगायचे तर आपल्या सभासदांच्या तोंडूनही ऐकतो. १८६५ साली लंडनमध्ये पहिल्या इंटरनॅशनलच्या (देशोदेशीच्या कामगारांच्या संघटनेच्या) सर्वसाधारण मंडळापुढे जॉन वेस्टन नावाच्या, मूळच्या सुतार असलेल्या सभासदाने हेच म्हणणे मांडले आणि त्यावरून कामगार संघ हानिकारक आहेत असा निष्कर्षही काढला. मार्क्सने त्याला मूर्ख म्हणून उडवून लावले नाही. त्या जूनमध्ये त्याने मंडळासमोर दोन बैठकांत सविस्तर उत्तर दिले, आणि त्यात मूल्य, किंमत, श्रमशक्ती, नफा यांचा सगळा अवघड संसार मांडला. 'भांडवल'चा पहिला खंड त्यानंतर दोन वर्षांनी, १८६७ साली निघाला. प्रश्न सुताराचा होता, उत्तर अवघड होते, आणि उत्तर अवघड असल्याबद्दल त्या बैठकीत कोणाची माफी मागितली गेली नाही. आपल्या वर्गांत वेस्टनचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडून, मग त्याचे खंडन सभासदांनाच करायला सांगितले, तर 'महागाई वाढेल' या वाक्यापुढे आपला शाखाप्रतिनिधी गप्प बसणार नाही.

डिलिव्हरी करणाऱ्या मुलांच्या वर्गातलेही एक सांगण्याजोगे आहे. नगावर दिल्या जाणाऱ्या मजुरीबद्दलचे 'भांडवल'मधले प्रकरण आम्ही वाचत होतो. मजुरीचे हे रूप भांडवलाला सर्वांत सोयीचे, कारण कामाचा वेग आणि दर्जा मजुरीच्या रूपानेच आवरला जातो आणि देखरेखीचा खर्च मोठ्या प्रमाणात वाचतो, असे तिथे म्हटले आहे. सोलापूरहून आलेला एक मुलगा म्हणाला की आई हजार विड्यांमागे मोजून घेते, मी ऑर्डरमागे. दुसऱ्याने मात्र मार्क्सला अडवले: "पण आमच्यावर तर नजरही आहे, सिग्नलला थांबलो तरी दिसतं." नगावर मजुरी असूनही देखरेख कमी का झाली नाही, ती इतकी स्वस्त का झाली, यावर पुढचा सगळा वेळ गेला. दीडशे वर्षांपूर्वीच्या मजकुरातले एक वाक्य आज कुठे अपुरे पडते ते एका सत्तावीस वर्षांच्या मुलाने दाखवले. अभ्यासवर्गाकडून यापेक्षा अधिक काय हवे, मला कळत नाही. शिवाय श्रमसंहिता शिकवायच्याच असतील, तर २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या पारंपरिक मालक-कामगार संबंधाच्या बाहेर राहून कमावणारा, अशी केली आहे, तिथूनच सुरुवात करा. लाभ पुढच्या कलमांत आहेत, पण संबंधातून बाहेर काढण्याचे काम व्याख्येतच उरकले आहे. कोणता संबंध 'संबंध' मानायचा हे ठरवणे, हे तत्त्वज्ञानाचेच काम आहे. आपण केले नाही तर मसुदा लिहिणारा करतो.

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्याच्या पराभवाचे खापर कोणा एका गोष्टीवर फोडणे अन्यायाचे होईल. १८ जानेवारीला सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. एकाच संघटनेला मान्यता देणारा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, सरकारचा हट्ट आणि भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेलेले काम, ही सगळी कारणे आपल्याला माहीत आहेत. पण संपाचे शस्त्र एका गृहीतावर चालते: उत्पादन थांबले की मालकाला झळ बसते. ज्या मालकाच्या हिशेबात कापडापेक्षा गिरणीखालची जमीन मोठी होऊ लागली होती, त्याला थांबलेल्या मागाची झळ किती बसणार होती? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी खुल्या करण्याचा मार्ग काढला, तेव्हा हा प्रश्न सर्वांना दिसला. जमिनीच्या खंडावरची, म्हणजे भाड्यावरची, 'भांडवल'मधली प्रकरणे फार रूक्ष आहेत आणि आपल्या वर्गांत ती कधीच वाचली जात नसत. वाचली असती तर संप जिंकला असता, असे मी म्हणणार नाही. निदान प्रश्न दहा वर्षे आधी विचारला गेला असता.

आता पहिले कारण: झेपत नाही. हे वाक्य आपल्या देशात जपून उच्चारले पाहिजे. कोणत्या जातीने काय वाचायचे नाही, हे ठरवणाऱ्यांनीही शतकानुशतके हेच सांगितले होते, आणि आपण चांगल्या हेतूने तेच सांगत असलो तरी परिणाम वेगळा होत नाही. पुढारी वाचणार, सभासद ऐकणार, आणि मागणीपत्रकामागचा विचार दोन-तीन डोक्यांतच राहणार, अशी संघटना मालकाशी वाटाघाट करताना त्या दोन-तीन डोक्यांइतकीच मजबूत असते. त्यांतले एक फुटले की सगळे फुटते. इन्सेंटिव्हचे स्लॅब, गर्दीचे तास आणि पेट्रोल यांचा मेळ तोंडी घालणाऱ्या मुलाला अमूर्त विचार झेपत नाही, हे मला मान्य नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत जोसेफ डीट्झगेन नावाचा चर्मकार होता. चामडी कमावण्याचा धंदा करीत त्याने मानवी विचारप्रक्रियेवर ग्रंथ लिहिला, आणि पुढे वेल्समधल्या खाणकामगारांच्या अभ्यासमंडळांत तो वाचला गेला. 'भांडवल'चे फ्रेंच भाषांतर १८७२ पासून स्वस्त हप्त्यांत निघू लागले तेव्हा, कामगारांना ते अशाने सहज मिळेल आणि ही बाब बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची, असे मार्क्सने प्रकाशकाला कळवले. पहिली प्रकरणे चढायला कठीण आहेत हेही त्याच पत्रात त्याने सांगितले, पण ती सोपी करून देण्याचे वचन दिले नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ लुई अल्थुसर तर म्हणत असे की हा ग्रंथ कामगारांपेक्षा बुद्धिजीवींना अधिक जड जातो. मात्र पहिल्या वाचनात पहिला विभाग सोडून द्या, असा व्यवहारी सल्लाही त्यानेच दिला होता. तो सल्ला मी पाळतो.

तरीही आपल्या तक्रारीत तथ्य आहे, ते नाकारत नाही. तत्त्वज्ञानाची सत्रे आपण वाईट घेतली. द्वंद्ववादाचे (विरोधांतून बदल कसा घडतो हे सांगणाऱ्या मार्क्सवादी विचारपद्धतीचे) तीन नियम पाढ्यांसारखे म्हणून घेतले, उदाहरणाला दरवेळी उकळते पाणीच घेतले, आणि विद्यापीठातून आलेल्या पाहुण्यांनी दोन तास बोलून चहापूर्वी शंका आहेत का असे विचारले तेव्हा कोणाला शंका सुचली नाही याचे खापर श्रोत्यांवर फोडले. लिखाण दोन कारणांनी अवघड असते: विषयच तसा असतो म्हणून, किंवा लिहिणारा आपल्याच दहा सहकाऱ्यांशी बोलत असतो म्हणून. दुसऱ्या प्रकारचे लिखाण आपल्या वर्गात आणण्याची काही गरज नाही, मग ते कितीही क्रांतिकारक म्हणवो. ते वगळा आणि अपराधी वाटून घेऊ नका. हे ओळखायचे कसे? मजकुरातला प्रश्न कोठे तरी, कोणाच्या तरी कामातून उठलेला आहे का, हे विचारून. वेस्टनचा होता, साचाखात्याचा होता, हजेरी चौकीचा आहे.

म्हणून आपल्या समित्यांना माझी विनंती अशी. प्रत्येक शिबिरात एक सत्र परत आणा, पण त्याचे नाव तत्त्वज्ञान असे ठेवण्याचा आग्रह धरू नका. आपल्याच मागणीपत्रकातले एक कलम घ्या आणि ते ज्या प्रश्नावर उभे आहे त्यासंबंधी दोन-तीन पाने, मराठीत, सर्वांनी मोठ्याने वाचावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवणारा शेजारी असला पाहिजे, आणि पान उलटण्याची घाई असता कामा नये. एका बैठकीत एकच परिच्छेद झाला तरी चालेल. सत्र सभासदाने चालवावे आणि पदाधिकाऱ्यांनी तिथे श्रोते म्हणून बसावे. विरुद्ध बाजूचा उतारा वाचल्याशिवाय आपल्या बाजूचा वाचू नये. वेळ बायकांना विचारून ठरवावी, कारण रात्री साडेआठचे सत्र म्हणजे फक्त पुरुषांचे सत्र, हे आपण सगळे जाणतो आणि तरी तेच ठेवतो. आणि कंत्राटी कामगाराचा खाडा पडत असेल तर त्या दिवसाची मजुरी संघटनेच्या शिक्षण निधीतून द्यावी. निधी नसेल तर पाहुण्यांच्या प्रवासखर्चातून काढावी. पाहुणे एकदा कमी आले तर बिघडत नाही.

पुढच्या वर्षाच्या शिबिरांचे वेळापत्रक बहुतेक संघटनांत मे महिन्याच्या आत ठरते. त्या बैठकीत हे पत्र वाचून दाखवावे आणि निर्णय काहीही झाला तरी त्याची कारणे सभासदांना लेखी कळवावीत, एवढी अपेक्षा आहे.

आपला,
अभ्यासवर्गाचा एक जुना कार्यकर्ता